चारनंतरचा आकडा

“मी येतोच मागनं. तोवर माझा आकडा तू म्हण,” यशा म्हणाला आणि डब्याचं झाकण लावता लावताच उठला.

“किती वेळ?”

“वीस मिनिटं. फार तर अर्धा तास. टाक्याचं माप घेतो आणि पळत येतो. तुम्ही खिंडीत पोचायच्या आत तुझ्या मागे असेन.”

“आणि दादांनी बघितलं तर?”

“अरे, म्हणून तर तुला सांगतोय. हेमंतला सांगितलं तर घोटीपर्यंत बोभाटा होईल.”

मी एकदा पुढे बघितलं. दिगंबरदादा पाठीवर सॅक चढवून, गळ्यातली शिट्टी चाचपत उभे होते. कुमुद बाटलीत पाणी भरत होती आणि हेमंत तिला कुठलासा विनोद दुसऱ्यांदा सांगत होता. धुकं असं दाटत चाललं होतं की दहा पावलांवरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसावा. लबाडी करायला याहून चांगलं हवामान मिळालं नसतं.

“जा,” मी म्हणालो. “पण लवकर ये. माझा जीव टांगणीला लावू नकोस.”

“तुझा जीव कधी टांगणीला नसतो?” असं म्हणून तो हसला आणि कमरेएवढ्या गवतात शिरला. काखेत त्याची ती निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मुळातच उतावळा. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आणि बुडाखाली निखारा. नाशिकच्या कचेरीत खुर्चीवर बसून मी सहा दिवस कसेबसे काढायचो. सातव्या दिवशी डोंगर भेटला नाही, तर घरच्यांवर खेकसायचो. आम्ही पाचजण होतो. दिगंबरदादा सोनवणे शाळेत पीटीचे मास्तर, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कुमुद पगार नर्स. हेमंत दाबके सायकलच्या दुकानात बसायचा आणि अखंड बोलायचा. मी. आणि यशवंत गायधनी, म्हणजे यशा, पाटबंधारे खात्यात आरेखक. दिवसभर तो कालव्यांचे आणि बांधांचे नकाशे काढायचा, आणि रविवारी तेच पुन्हा डोंगरावर. एका हातात होकायंत्र, दुसऱ्या हातात मापाची फीत. नाशिक-इगतपुरीकडचे किती किल्ले त्यानं पावलांनी मोजून कागदावर उतरवले होते! आम्ही त्या दिवशी ज्यावर होतो त्या घारमाथा किल्ल्याचा नकाशा त्याचा दोन वर्षं चालला होता आणि त्यात एकच जागा कोरी राहिली होती. पश्चिमेच्या टोकावरचं फुटकं टाकं.

आता हे टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. एका बाजूची भिंत फुटलेली, म्हणून त्यात पाणी ठरत नाही. त्या दिवशी सकाळी पायथ्याच्या वाडीत सोमा गांगड भेटला होता. चहा पाजता पाजता तो म्हणाला, “वर जावा, पन फुटक्या टाक्याकडं नका जाऊ. गवत लई माजलंय, त्वांड दिसत न्हाई. माझी म्हस गेली व्हती मागल्या साली.”

झालं. दादांनी तिथंच फर्मान काढलं, “कोणी टाक्याकडे जाणार नाही. जेवण झालं की खाली. पाचची एसटी चुकली तर मुक्काम फाट्यावर.”

यशानं तोंड उघडलं तसे दादा म्हणाले, “यशवंत, टाकं चारशे वर्षं तिथेच आहे. पुढल्या महिन्यातही असेल.”

दादांचं असंच. डोंगरावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द. आणि त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे मोजणी. एकदा शाळेच्या सहलीत त्यांचं एक पोर तासभर हरवलं होतं. तेव्हापासून त्यांनी हे सुरू केलं. प्रत्येकाला आकडा. दादा एक, कुमुद दोन, हेमंत तीन, मी चार, यशा पाच. वाटेत ठरावीक ठिकाणी दादा शिट्टी मारणार, की सगळ्यांनी होतो तिथे उभं राहायचं, तोंड बंद. मग पुढून मागे एकेकानं आपला आकडा ओरडायचा. कारवीच्या रानात पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही. आवाज मात्र पोचतो. पाचवा आकडा आला की दादा चालायला लागणार.

आणि आम्ही दोघं मागचे, त्यामुळे आम्ही त्यातही पळवाट काढली होती. पळवाट काढली नाही तर आम्ही कसले मित्र! दहा महिन्यांपूर्वी मी ओढ्यात डुंबायला थांबलो, तेव्हा यशानं आधी चार आणि मग पाच असे दोन्ही आकडे स्वतःच ओरडून टाकले होते. माझा आवाज जाडा, त्याचा किनरा. तो माझा आवाज काढायचा आणि मी त्याचा. दादांना काडीचा संशय आला नाही. आम्ही आठवडाभर हसत होतो.

म्हणजे त्या दिवशी मी काही जगावेगळं केलं नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

माथ्यावरून उतरणारी वाट आधी पूर्वेच्या पडक्या दरवाज्यातून जाते. मग कड्याच्या पोटाला धरून सगळ्या किल्ल्याला वळसा घालते आणि पश्चिमेच्या खिंडीत येते. खिंडीतून सरळ खाली वाडी. दरवाज्याच्या पायऱ्या उतरताच पहिली शिट्टी झाली. सगळे थबकले. वारा पश्चिमेकडून येत होता, दमट आणि गार.

“एक!” दादा.

“दोन!”

“तीन!” हेमंतनं उगाच हेल काढून म्हटलं.

“चार!” मी. लगेच मान मागे वळवली, तोंडावर पंजा धरला आणि नाकातून बारीक आवाज काढला, “पाच!”

आणि माझ्या शब्दावर शब्द पडावा तसा माथ्याकडून बारीकसा आवाज आला, पाच.

“वा रे वा!” हेमंत खालून ओरडला. “कडासुद्धा हजेरी देतोय!”

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगतो, मला तेव्हा गंमतच वाटली. मी मनात म्हटलं, बघ यशा, तुझा आवाज असा काढला की कड्यालाही फरक कळला नाही. दादा चालायला लागले आणि आम्ही मागोमाग.

खिंडीपर्यंत पाऊण तासाची वाट आहे. पहिली दहा मिनिटं मी शीळ घालत चाललो. मग मागे बघायला लागलो. कारवी फुलावर आली होती. सात वर्षांनी येते ती फुलं, पण मी एकाही फुलाकडे बघितलं नाही. पानांची सळसळ झाली की वाटायचं, आला. वळून बघावं तर वारा. मी चाल मंदावली, तर हेमंत पुढून ओरडला, “काय रे चार नंबर, बैल दमला का?” मी चाल वाढवली, तर वाटायला लागलं की आपण यशापासून लांब पळतोय. घड्याळ बघितलं. तो गेल्याला पंचवीस मिनिटं झाली होती. पुन्हा बघितलं तर सव्वीस.

येईल, येईल. फीत गुंतली असेल. मूर्तीबिर्ती सापडली असेल, चितारत बसला असेल. त्याला कुठे वेळेचं भान असतं? असं मी एका वळणावर थांबून स्वतःला समजावत होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथे, त्याच वळणावर. ते मला तेव्हाही कळत होतं. मग का नाही सांगितलं? तर त्याला कारण हिमालय.

मे महिन्यात दादा त्यांच्या ओळखीच्या एका तुकडीबरोबर गढवालला जाणार होते, आणि आमच्यातल्या फक्त दोघांना नेणार होते. त्या दिवशी परतताना एसटीत ते नावं सांगणार होते. माझं नाव त्यात असणार हे मला जवळजवळ माहीत होतं. कुमुदनंच तसं सुचवलं होतं. कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली मी बर्फाच्या डोंगराचं चित्र कापून ठेवलं होतं. दोन वर्षं मी रजा साठवली होती. आणि दादा सकाळीच म्हणाले होते, “तिकडे ताकद दुय्यम. मला शब्द पाळणारा माणूस लागतो.”

आता जाऊन काय सांगू? दादा, गेले दहा महिने आम्ही तुम्हाला बनवतोय?

दुसरी शिट्टी खिंडीत झाली. दादा आणि कुमुद खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर होते. हेमंत खिंडीच्या तोंडाशी आणि मी अजून अलीकडे, कड्याच्या अगदी खाली. वर बघितलं तर पांढरं धुकं, बाकी काही नाही.

“एक!”

“दोन!”

“तीन!”

“चार!” मी म्हणालो. मागे बघितलं. वाट रिकामी.

मी खूप वेळ थांबलो असं मला आठवतं. पण खूप वेळ नसावा, कारण दादांनी दुसऱ्यांदा शिट्टी मारली नाही. श्वास घेतला, छाती भरून, आणि नाकातून म्हणालो, “पाच!”

कडा पुन्हा बोलला. या वेळी जरा घोगरा, जरा उशिरा. मी दचकलो. पण तेवढ्यात कुमुदचा आवाज धुक्यातून आला, “यशा बरा आहे ना रे? सर्दी झाल्यासारखा वाटतोय.”

“बरा आहे!” मी ओरडलो. “बुटाची नाडी बांधतोय!”

बघा. आधी नुसता आकडा होता, आता नाडी आली. खोटं कधी एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते.

खिंडीपासून वाडीपर्यंत मी कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. पाय आपोआप पडत होते. प्रत्येक झाडाशी मी मनात म्हणत होतो, त्या पुढच्या आंब्यापाशी सांगतो. आंबा आला की, त्या मोठ्या दगडापाशी. दगड आला की, एवढा उतार संपू दे. दोनदा तर मी परत खिंडीपर्यंत पळायला निघालो आणि दोनदा माघारी फिरलो. हेमंतनं वळून विचारलं, “काय रे, पोट बिघडलं का?”

“गप बस!” मी असा खेकसलो की तो खरोखरच गप्प बसला.

वाडीच्या वरच्या माळावर धुकं संपलं. एकदम लख्ख उजेड. खाली कौलं दिसत होती, नाचणीची खाचरं दिसत होती. आणि त्या उघड्या माळावर आम्ही सगळे एकमेकांना दिसत होतो. दादांनी शिट्टी तोंडात धरली, मागे वळले, आणि शिट्टी न वाजवताच हातात घेतली.

“यशवंत कुठाय?”

मी तोंड उघडलं. शपथ सांगतो, माझ्या जिभेवर अजूनही ‘मागे आहे’ हेच शब्द होते. पण मागे सगळा माळ उघडा पडला होता.

“दादा,” मी म्हणालो, “तो आलाच नाही. जेवण झाल्यावर फुटक्या टाक्याकडे गेला. दोन्ही वेळा पाच मीच म्हणालो.”

कुमुदनं हातातली काठी खाली टाकली. मी म्हटलं, आता दादा मारणार. मारावं असंच वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दादांनी घड्याळ बघितलं. “पावणेतीन. म्हणजे पावणेदोन तास.” त्यांनी शिट्टीची दोरी गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. “चल. पुढे तू.” बस, एवढंच.

सोमा आणि त्याचा भाऊ खाचरातून धावत आले. सोमा माझ्याकडे बघून म्हणाला, “सकाळीच बोल्लो व्हतो ना, सायेब?” मग त्यानं घरातून घोंगडी आणली, दोर आणला, भावानं दोन बांबू खांद्यावर टाकले आणि आम्ही परत चढायला लागलो.

मी पुढे होतो. आयुष्यात मी एवढ्या वेगानं कधी चढलो नाही आणि स्वतःला एवढा हळूही कधी वाटलो नाही. डोळ्यांपुढे सारखा कडा यायचा, कड्याखाली पडलेली निळी वही यायची. यशाची आई यायची. दर रविवारी पहाटे ती आम्हा दोघांना थालीपीठ बांधून द्यायची आणि मला म्हणायची, “तू आहेस ना बरोबर, मग मला काळजी नाही.” मी देवाला म्हटलं, हिमालय घे, नोकरी घे, माझे दोन्ही पाय घे. देव काय, असल्या सौद्यांना सरावलेला असणार.

खिंडीत पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. वारा पडला होता. धुकं तसंच. मी तसाच पुढे पळणार, तेवढ्यात दादांनी दंड धरला.

“थांब. वर जायला अजून तास आहे. टाकं आपल्या डोक्यावरच आहे ना रे, सोमा?”

“व्हय. बराब्बर वर.”

“मग मोजणी घ्या,” दादा म्हणाले. “नुसत्या हाका मारू नका. तो शुद्धीवर असेल तर त्याला मोजणी कळेल. शिट्टी मार.”

मी शिट्टी मारली. सोमा आणि त्याचा भाऊ जागच्या जागी उभे राहिले.

“एक!” दादा कड्याकडे तोंड करून ओरडले.

एक गेला. धुक्यात विरला. परत आला नाही.

“दोन!” कुमुदचा आवाज कापत होता. तोही गेला.

“तीन!” हेमंत. या वेळी हेल नव्हता.

“चार!” मी जीव तोडून ओरडलो.

आणि मग सगळे गप्प. सहा माणसं उभी, कोणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. खाली कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मला वाटलं, झालं. संपलं.

मग वरून आला. बारीक, चिरका, तुटका, पण आला.

“पाच…”

हेमंतनं मला मिठी मारली. “आहे! च्यायला, आहे रे आहे!” तो नाचायलाच लागला. कुमुद मटकन खाली बसून रडायला लागली. दादा, सोमा आणि त्याचा भाऊ वाटेला लागलेसुद्धा.

मी तिथेच खिळलो होतो. एक परत आला नव्हता. दोन नाही, तीन नाही, माझा चारही नाही. या कड्याला आवाज घुमतच नव्हता. मग दुपारी त्यानं फक्त पाच तेवढा कसा परत दिला? दोन्ही वेळा? हा प्रश्न मला पडला, आणि उत्तर त्याच्या आधीच येऊन उभं होतं. दादा वरून ओरडले, “अरे, चल!” तेव्हा कुठे मी हललो.

टाक्यात दहा फूट खाली तो बसला होता. गवतात पाय टाकला तो सरळ आत. पडताना काठाचा दगड धरायला गेला, तो दगडच त्याच्यामागोमाग आला आणि डाव्या पावलावर बसला. बांबूची तरफ करून सोमा आणि त्याच्या भावानं तो उचलला तेव्हा यशा ओरडला नाही. याचंच कुमुदला भय वाटलं. तिनं बूट कापून काढला, पाऊल बघितलं आणि ओढणी फाडून बांधायला लागली. पाऊल निळं पडलं होतं.

दादा त्याच्यापुढे उकिडवे बसले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी त्याच्या केसांतलं गवत काढलं आणि विचारलं, “पाणी पाहिजे?”

“दादा, चूक माझी आहे,” यशा म्हणाला. “मीच ह्याला गळ घातली. ह्याला काही बोलू नका.”

“ते खाली गेल्यावर,” दादा म्हणाले.

घोंगडीची झोळी करून त्याला उतरवलं. बांबूचं पुढचं टोक सोमाच्या खांद्यावर, मागचं मी आणि हेमंत आळीपाळीनं. खिंडीच्या अलीकडे वाट रुंद होते तिथे माझी पाळी होती. बाकीचे चार पावलं पुढे होते. यशाचं डोकं माझ्याकडे होतं. धुक्यानं त्याच्या भुवया ओल्या झाल्या होत्या.

“दुखतंय?” मी विचारलं.

“आता काही कळत नाही. पायच नाहीये असं वाटतं.” मग तो म्हणाला, “पडल्यावर आधी मी खूप ओरडलो. मग लक्षात आलं, तुम्ही चालताना कारवी एवढी खसखसते, तुम्हाला काय कपाळ ऐकू येणार? मोजणीलाच काय ते सगळे गप्प असतात. म्हटलं, दम राखावा. चार झाला की माझी पाळी. तेवढीच जागा मला मिळणार होती.”

बांबू खांद्यात रुतत होता.

“शिट्टी ऐकली. एक ऐकला, दोन ऐकला. तुझा चार ऐकला. आणि मी सगळा जीव गोळा करून ओरडलो.” तो जरासा हसला. हसला हे मला आजही सहन होत नाही. “तर खालून कोणीतरी माझ्याच आवाजात पाच म्हणालं. छान काढतोस रे तू माझा आवाज. मला क्षणभर वाटलं, मी खालीच आहे, तुमच्यात.”

“यशा…”

“दुसऱ्या वेळी तू जरा थांबलास. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मी तोंड उघडलं.” त्यानं डोळे मिटले. “हे दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. दादा मोजणी बंद करतील.”

डॉक्टरांनी सांगितलं, फार वेळ पाऊल दाबलं गेलं, रक्तच पोचलं नाही. तीन बोटं काढावी लागली, घोटा कायमचा ताठ झाला. तास-दीड तास आधी दगड उचलला गेला असता तर? असं मी त्यांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, “आता ते विचारून काय उपयोग?” म्हणजे उपयोग झाला असता.

मे महिन्यात दादांबरोबर कुमुद आणि हेमंत गढवालला गेले. मला कोणी नको म्हटलं नव्हतं. उलट, दादा स्वतः घरी येऊन म्हणाले, “तुझं नाव होतं यादीत. अजूनही आहे.” मी रजा मिळत नाही असं सांगितलं. टेबलाच्या काचेखालचं चित्र मी त्याआधीच काढून टाकलं होतं.

यशाकडे मी पहिल्यांदा रोज जायचो, मग आठवड्यानं, मग जायचा धीर होईना. त्याची आई मला पूर्वीसारखंच थालीपीठ वाढायची. तिला काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी मीच तिच्या पोराला शोधून काढलं होतं.

असं वर्ष गेलं. एका दुपारी आमच्या जिन्यात काठीचा आवाज आला. एक पाऊल, एक काठी, एक पाऊल. मी दार उघडलं तर यशा. काखेत कागदाची लांब गुंडाळी.

“चहा टाक. आणि टेबल मोकळं कर,” तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

त्यानं गुंडाळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर कपबश्या ठेवल्या. घारमाथा. काळ्या शाईत, त्याच्या त्या रेखीव अक्षरात. पडका दरवाजा, त्याच्या पायऱ्या अठरा. कड्याच्या पोटातली वाट. खिंड. पाण्याची टाकी सात. आणि पश्चिमेच्या टोकाला, दोन वर्षं कोरी असलेल्या जागी, फुटकं टाकं. लांबी, रुंदी, खोली, सगळं टिपलेलं.

“माप कधी घेतलंस?”

“वेळ भरपूर होता मला तिथे,” तो म्हणाला. “फीत खिशातच होती.”

टाक्यापासून खिंडीपर्यंत त्यानं एक बारीक तुटक रेघ ओढली होती. असली रेघ मी त्याच्या एकाही नकाशात बघितली नव्हती. मी चष्मा लावून वाकलो. रेघेच्या कडेनं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: टाक्यातून खिंडीत हाक ऐकू येते. आणि खाली, त्याहून बारीक: चारनंतर शांतता असल्यास.

मी तसाच वाकून राहिलो. वर बघायची हिंमत झाली नाही. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला तरी आम्ही दोघं हललो नाही.

“आमच्या खात्यात एक पद्धत असते,” यशा म्हणाला. त्यानं कागदाचा उजवा खालचा कोपरा माझ्यापुढे सरकवला. तिथे त्यानं चौकट आखली होती. ‘काढणार’ यापुढे त्याची सही होती. त्याखाली ‘तपासणार’, आणि पुढची जागा रिकामी. “तपासल्याशिवाय नकाशा खरा धरत नाहीत. जो जागेवर होता त्यानंच तपासायचा. वर मी होतो, त्याचं मी लिहिलंय. खिंडीत तू होतास.”

त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

“दादा बघतील ना हा?” मी विचारलं.

“सगळेच बघतील. नकाशा आहे.” तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. पूर्वी मोजणीला उभे असताना बघायचा तसा. “ऐकू आलं होतं का तुला? नसेल तर ती रेघ मी खोडतो.”

“आलं होतं,” मी म्हणालो. “दोन्ही वेळा.”

आणि मी सही केली.